घोड्याच्या छातीची मोटारसायकल

सकाळी कार्यालयाच्या आवारात शिरणाऱ्या प्रत्येकाला सोनकांबळे आधी आपल्या मोटारसायकलचा वास घ्यायला लावत. नमस्कार वगैरे नंतर. "जरा इकडं या. वाका. आणखी वाका. येतो का?" एवढं विचारून ते स्वतः श्वास धरून बाजूला उभे राहत आणि वाकणाऱ्याच्या नाकपुड्यांकडे बघत. शिपाई वाकले, तलाठी वाकले, टँकर मागायला आलेले सरपंचही वाकले. एकदा तर पाहणीला आलेले मोठे साहेब वाकले. समोरचा माणूस एवढ्या कळकळीनं सांगतोय म्हणजे पेट्रोल गळत असणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. "नाही बुवा, काही येत नाही," म्हणून साहेब आत गेले आणि त्यानंतर कधी आले तर मागच्या दारानं येऊ लागले.

बहुतेक जण "नाही येत" असंच म्हणत. त्यात लवकर सुटका होती. मी मात्र रोज "येतो" म्हणायचो, कारण वास येत होता. रंगाच्या दुकानात कुणी प्लास्टिक जाळावं तसला तो वास, सकाळी सकाळी डोक्यात जायचा. मी मुळातच तिरसट माणूस आणि त्यात दुष्काळाचं साल, अंघोळ अर्ध्या बादलीत. खोटं गोड बोलण्याएवढा उत्साह अंगात नसायचा. "बिरादार भाऊसाहेब, तुमचं नाक लई कडू हाय," सोनकांबळे म्हणायचे, "पण इमानदार हाय."

त्या वासापायी त्यांची बायको लातूरला येऊ शकत नव्हती. ते कसं, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

आमचा जिल्हा तेव्हा नवा होता, उस्मानाबादेतून फुटून निघालेला. जिल्हा झाला म्हणून लातुरात गुलाल उधळला गेला, आणि पाठोपाठ असा दुष्काळ आला की तो गुलाल धुवायला नळाला पाणी राहिलं नाही. आमचं कार्यालय भाड्याच्या इमारतीत होतं. खुर्च्या कमी, माणसं त्याहून कमी. नव्या पाट्या करायला सवड नव्हती म्हणून जुन्याच पाट्यांवर नवं नाव रंगवलं होतं, आणि ऊन चढलं की खालून 'उस्मानाबाद' हळूच वर यायचं. मी टंचाई शाखेत होतो. विहिरीत पाणी नाही हे जाऊन बघायचं आणि पाणी नाही असं लिहून द्यायचं, हे आमचं काम. गावातल्या बायकांना जे रोज पहाटे कळत होतं ते सरकारला आमच्या सहीनं कळायचं. या कामाचा मला फार वीट आला होता.

सोनकांबळे माझ्याच शाखेत होते आणि सरकारी वसाहतीत भिंतीला भिंत लागून शेजारीही होते. उंच, वाळलेला माणूस. डोक्याला रुमाल, चष्म्याच्या काचांवर कायम धुळीचा थर. तो पुसायच्या ऐवजी ते चष्म्याच्या वरून बघायचे. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं त्यांच्याकडे एकच निदान होतं, "विषय वाऱ्याचा हाय." पाऊस का पडत नाही? "वाऱ्याचा विषय हाय, ढगाला टिकू देत न्हाई." माझ्या बायकोची भाकरी करपली तर, "वहिनीची चूक न्हाई, वाऱ्यानं जाळ एका अंगाला गेला." आणि स्वतःचा अर्ज वरच्या टेबलावरून हलत नाही त्याबद्दल, "फाईल तरी काय करंल बिचारी? वारं समोरून हाय."

हा अर्ज बायकोच्या बदलीचा होता. सुनंदाबाई नांदेड जिल्ह्यात हिमायतनगरला शिक्षिका होत्या. लग्नापासून दोघं दोन जिल्ह्यांत. नवा जिल्हा होणार हे ऐकून आख्ख्या मराठवाड्यात सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो सोनकांबळेंना. नवा जिल्हा म्हणजे नव्या जागा, त्यांत एक बाई कुठंही बसेल, असा त्यांचा सरळ हिशोब. पण जागा अजून मंजूर व्हायच्या होत्या, आणि जागा मंजूर करणाऱ्या साहेबांची जागाही मंजूर व्हायची होती. तेव्हा दर शनिवारी दुपारी सोनकांबळे आपल्या जुन्या मोटारसायकलला किक मारायचे, आणि अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर करत दिवस बुडायला हिमायतनगरला पोचायचे. रविवारी तोच रस्ता उलटा. सोमवारी ते खुर्चीत बसत नसत, उभ्यानंच काम करत. कारण आम्हाला ठाऊक होतं, म्हणून कुणी बसा म्हणत नसे.

"सुट्टीत तरी बाईंना इकडं आणा की, एसटीनं," मी एकदा म्हणालो.

"तिला दमा हाय," ते म्हणाले. "एसटीच्या खिडक्या लागत न्हाईत. सगळी धूळ आत. मागच्या बारीला आणली तर नांदेडलाच उतरून दवाखाना गाठावा लागला. दोन दिवस नळी लावून होती. तवापासून मीच म्हणलं, तू बस तिकडं, मी येतो."

"मग मोटारसायकलवर?"

"मोटारसायकलवर तर उघडंच की, भाऊसाहेब. सगळा विषय वाऱ्याचा हाय." एवढं बोलून त्यांनी पुढची फाईल ओढली. मला वाटलं विषय संपला.

त्याच वर्षी मी बायकोला घेऊन माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो तेव्हा वाटेत हिमायतनगरला सुनंदाबाईंकडे चहाला थांबलो. शनिवार होता, सोनकांबळे येऊन पोचलेच होते आणि स्वयंपाकघरात चहा करत होते. सुनंदाबाई ठेंगण्या, हसऱ्या. चार शब्द बोलायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि राहिलेलं वाक्य हसून पुरं करायच्या. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "लग्न झालं तवा... ह्यांच्या मागं बसून लई हिंडले. मला बोलायची हौस. आता मोठ्यानं बोलवत न्हाई... अन् वारं तर असलं, सगळं बोलणं मागच्या मागं घेऊन जातं. ह्यांना वाटायचं, मी रुसून बसले." आतून कपबशीचा आवाज येत होता तो थांबला. चहा आला तेव्हा त्यात साखर नव्हती.

पुढच्या सोमवारी सोनकांबळेंनी मला एका मासिकातून फाडलेलं रंगीत चित्र दाखवलं. परदेशातली मोटारसायकल होती. तिच्या पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंनी वळलेलं एक कवच, वर पारदर्शक काच, आणि मागे बसलेल्या बाईचे केस जागच्या जागी. "बघा. केस बघा," ते म्हणाले. "वारं बाहेरच्या बाहेर. ह्याला फेअरिंग म्हणतेत. धूळ लागणार न्हाई, अन् मागच्या माणसानं हळू बोललं तरी पुढं ऐकू येणार. उन्हाळी सुट्टी लागली की तिला ह्याच्या आड बसवून लातूरला आणतो."

असलं कवच मुंबईला किंवा हैदराबादेला विकत मिळे, पण त्यात आमच्यासारख्याचे पगार बुडाले असते. सोनकांबळेंनी ठरवलं की आपण घरीच करायचं, फायबरचं. कृती त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवली की मी झोपेतही सांगेन. आधी हव्या त्या आकाराचा साचा. साच्याला मेण. मग काचेच्या तंतूंचं कापडासारखं जे मिळतं, त्याला मॅट म्हणतात, त्याचे तुकडे पसरायचे आणि वरून रेझिन नावाचा चिकट पदार्थ ब्रशनं जिरवायचा. रेझिनमध्ये हार्डनर घातलं की ते आपसूक वाळून टणक होतं. "पाण्याचा एक थेंब लागत न्हाई," ते म्हणायचे. "दुष्काळात करायचं काम हाय हे."

साच्याला मात्र पाणी लागलं. आटलेल्या तळ्यातून त्यांनी पोतंभर गाळ आणला आणि अंगणात मोटारसायकल उभी करून तिच्या तोंडावर चिखल थापायला सुरुवात केली. वसाहतीच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. माझी बायको हंडा घेऊन बाहेर आली तर हे बादलीत हात घालून चिखल मळतायत.

"सोनकांबळे भाऊजी, काय करून राहिले?"

"साचा करून राहिलो, वहिनी."

"पाण्यानं?"

"कोरड्याचा चिखल होत न्हाई ना, वहिनी."

तिनं बादली उचलली आणि आमच्या घरात नेऊन ठेवली. त्या गढूळ पाण्यानं तिनं दोन दिवस भांडी विसळली. सोनकांबळेंनी बादलीही मागितली नाही आणि पुन्हा चिखलालाही हात लावला नाही. अर्धवट थापलेला गाळ उन्हानं तडकून आपोआप खाली पडला.

मग ते नांदेडच्या किशनभाऊकडे गेले. हा त्यांच्या ओळखीचा मूर्तिकार. विहारांसाठी बुद्धमूर्ती करायचा आणि चौकांसाठी पुतळे. सोनकांबळेंच्या घरातली बुद्धमूर्तीही त्याच्याच हातची होती, एका कानाला टवका गेल्यामुळे विकली न गेलेली. किशनभाऊच्या आवारात एक जुना साचा ऊन खात पडला होता. कुठल्याशा गावाला घोड्यावरचा पुतळा हवा होता, पण गावच्या समितीनं घोडा नापास केला होता, छाती फार फुगली आहे म्हणून. मानेखालपासून पुढच्या पायांपर्यंतचा तो साचा सोनकांबळेंनी न्याहाळला, हातानं मापला आणि त्यांचे डोळे चमकले. आकार तोच होता. मध्ये फुगीर, दोन्ही बाजूंना मागे वळलेला.

"घोड्याची छाती हाय ती," किशनभाऊ म्हणाला.

"वारं घोडाबी कापतोच की," सोनकांबळे म्हणाले, आणि साचा मालट्रकमध्ये घालून लातूरला घेऊन आले.

पुढचे दिवस आमच्या वसाहतीच्या आठवणीत राहिले आहेत. सोनकांबळेंनी काचेची मॅट सामाईक व्हरांड्यात बसून कात्रीनं कापली. वारा होताच. ती बारीक कुसं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरली आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळी वसाहत खाजवायला लागली. एरवी माणसानं अंघोळ केली असती. तेव्हा अंघोळीला पाणी नव्हतं. कार्यालयात टंचाईची बैठक चालू असताना आमच्या वसाहतीतले सगळे अधिकारी-कर्मचारी एका सुरात खाजवत होते, आणि सोनकांबळे मान खाली घालून म्हणाले, "वाऱ्याचा विषय हाय, माफी करा." त्यांना कुणी माफ केलं नाही. मीही नाही.

रेझिनचं काम त्यांनी गच्चीवर काढलं, भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कारण एरवी ते कार्यालयात असायचे. किशनभाऊनं सांगितलं होतं, उन्हाळ्यात हार्डनर कमी घाला, नाहीतर पटकन घट्ट होतं. यांनी पहिल्या मगात बेतानंच घातलं, पण लातूरच्या एप्रिल महिन्यातल्या गच्चीला बेत कळत नाही. ब्रश बुडवायच्या आत मगातून धूर निघाला, प्लास्टिकचा तो मगच वितळला आणि खाली फरशीला चिकटला. तो अजूनही त्या गच्चीवर असणार, कारण पुढे कुणालाच काढता आला नाही. सोनकांबळे इतके घाबरले की पुढच्या वेळी त्यांनी हार्डनर टिकलीएवढं घातलं, आणि वाळेचना तेव्हा म्हणाले, "सावकाश होऊ द्या. घाईची कामं वाऱ्यावर जातात."

ते फायबर दिवसचे दिवस गच्चीवर पडून राहिलं. वरून टणक झालं, पण आतल्या बाजूला हात लावला तर हात चिकटायचा. शेवटी सुट्टी लागायची वेळ आली म्हणून त्यांनी साच्यातून काढलं आणि मोटारसायकलला पट्ट्या मारून बसवलं. वरच्या काचेसाठी कार्यालयाच्या अडगळीतली एक पारदर्शक जुनी पाटी साहेबांना विचारून घेतली आणि अक्षरं खरवडून काढली. तरी तिरप्या उन्हात 'उस्मानाबाद' उलटं वाचता यायचं.

मोटारसायकल तयार झाली आणि वसाहत बघायला जमली. खरं सांगतो, इतके दिवस खाजवूनसुद्धा मला हसू आवरलं नाही. हेडलाइटच्या खाली घोड्याची भरदार छाती होती. तिच्यावर शिरा होत्या, स्नायूंचे फुगवटे होते आणि मधोमध खोगिराच्या पट्ट्याचं कोरीव बक्कलसुद्धा होतं. वर हँडल, खाली चाक. सोनकांबळे भोवती फिरून फिरून बघत होते. "छाती कशी झाली?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून कार्यालयात त्या कवचाला छातीच म्हणू लागले.

शनिवारी ते छाती घेऊन हिमायतनगरला गेले. जाताना त्यांनी सुनंदाबाईंसाठी मागच्या सीटवर दुमडलेली गोधडी बांधली होती आणि माझ्या बायकोला सांगून गेले होते की वहिनी, उद्या संध्याकाळी आमच्याकडं दोन माणसं असतील. माझ्या बायकोनं पिठलं-भाकरी केली, राखून ठेवलेल्या पाण्यातून त्यांचं घर पुसून घेतलं. बादलीचं प्रकरण ती विसरली होती.

रविवारी संध्याकाळी ते एकटेच आले. गोधडी तशीच बांधलेली होती.

"बसली होती," त्यांनी मला सांगितलं. "शाळेपासून भोकरच्या वळणापर्यंत आलो. धूळ लागली न्हाई. एक कण न्हाई. पण छातीचा वास तिच्या छातीत गेला. खोकला थांबंना. उतरली. झाडाखाली बसवली तिला. मला म्हणते, राहू द्या, घोडा चांगला हाय." ते पिठलं तसंच राहिलं.

पुढच्या खेपेला ते नांदेडला थांबले तेव्हा किशनभाऊनं वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "मी हार्डनर कमी घाला म्हणलं होतं. उपास धरा म्हणलं नव्हतं. आतून कच्चं राहिलं हे. आता एकच हाय, कडक ऊन खाऊ द्या. भरपूर. मग वास जाईल."

तेव्हापासून हे रोजचं वास घेणं सुरू झालं. सोनकांबळेंनी छातीवर कडुलिंबाची धुरी दिली, चुना फासला, आतून शेणसुद्धा सारवून पाहिलं. दिवसातून अनेकदा ते टेबलावरून उठून बाहेर जायचे आणि सूर्य सरकेल तशी मोटारसायकल फिरवून ठेवायचे. लांबच्या विहिरी बघायच्या असल्या की भर दुपारी तेच पुढे व्हायचे, कारण तेवढंच छातीला ऊन. जिल्ह्यातल्या सगळ्या देवळांत, दर्ग्यांत, विहारांत लोक पावसासाठी हात जोडत होते आणि हा एक माणूस ऊन मागत होता. एका दुपारी शिपाई आत येऊन म्हणाला, "साहेब, आभाळ भरून आलंय." सगळे खिडकीकडे धावले. सोनकांबळेंचं तोंड पडलं, आणि मग आपलं तोंड पडलं हे लक्षात येऊन ते ओशाळले. आभाळ तासाभरात निघून गेलं. त्या दिवशी ते मोटारसायकल फिरवून ठेवायला पुन्हा उठले नाहीत.

सुट्टी संपत आली. रोज जास्त जास्त लोक "नाही येत" म्हणू लागले. सोनकांबळेंना धीर आला. येत्या शनिवारी गेलं की बाईंना पुन्हा मागे बसवून आणायचं, असं त्यांनी मनाशी धरलं. हे मला त्यांनी शिरूर अनंतपाळच्या बाजूला जाताना सांगितलं. जीप दुसरीकडे गेली होती आणि तिकडच्या एका गावाची विहीर बघायची होती, म्हणून नाइलाजानं मी त्यांच्या मागे बसलो होतो. त्या गोधडीवर.

गावात विहिरीवर बायका बसल्या होत्या. तळाशी एक पोरगी वाटीनं पाणी खरवडत होती. मोटारसायकल थांबली तशी एक म्हातारी उठून जवळ आली, छातीच्या शिरांवरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "घोडं पाण्यावर आणलं का, साहेब? माणसालाच न्हाई हितं." बाकीच्या हसल्या. मीही हसलो आणि मग मला लाज वाटली. सोनकांबळे विहिरीच्या काठावरून वाकून बराच वेळ आत बघत होते. आम्ही लिहून घेतलं, पाणी नाही.

परत येताना ऊन कललं होतं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या अंगाला वारा लागत नाहीये. शर्ट फडफडत नव्हता. धूळ दोन्ही अंगांनी उडून मागे जात होती आणि मध्ये आम्ही बसलो होतो ती जागा अगदी शांत होती. तो वास सोडला तर घरात बसल्यासारखं वाटत होतं.

"नळेगाव येऊन राहिलंय बघ," सोनकांबळे हलक्या आवाजात म्हणाले.

मला ते 'बघ' खटकलं. आजवर त्यांनी मला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. पण उन्हानं थकले असतील म्हणून मी सोडून दिलं.

"इथं पेरू लई चांगले मिळतेत," ते पुढे म्हणाले, मान न वळवता, अगदी सावकाश. "यंदा न्हाईत. पुढच्या बारीला घेऊ. तिकडं उजवीकडं नको बघू, उन्हाची तिरीप हाय, डोळ्याला लागंल. आता इथून लातूर काय लांब न्हाई. बिरादार वहिनी हाय शेजारी, चांगली हाय, पाण्यावरून जरा कडक हाय. श्वास बरा हाय ना?"

हा माणूस दर शनिवारी आणि रविवारी त्या रिकाम्या गोधडीला असाच सगळा रस्ता दाखवत येत असणार, आणि आज मागे मी बसलोय हे तो विसरला होता. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं तर तो वास घशात गेला आणि मला जोराचा खोकला आला.

मोटारसायकल जागच्या जागी थांबली. "उतर, उतर. पदर लाव नाकाला," म्हणत ते घाईनं मागे वळले, आणि त्यांना मी दिसलो. जाड मिशांचा, घामेजलेला बिरादार.

"तुम्ही होय," ते म्हणाले.

मी खोकतच होतो. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली दिली. माझा खोकला थांबेपर्यंत ते थांबले आणि मग विचारलं, "कशानं आला, भाऊसाहेब? धुळीनं का वासानं?"

तो प्रश्न ऐकून मला वाटलं, आपण तंबाखूचा ठसका म्हणावं. धुळीनं म्हणालो तर त्यांची छाती वाया गेली, वासानं म्हणालो तर त्यांचा उन्हाळा वाया गेला. सगळ्या कार्यालयानं त्यांना गोड सांगितलं होतं. मलाही पहिल्यांदाच तसं सांगावंसं वाटत होतं. पण मग त्यांनी सुनंदाबाईंना पुन्हा मागे बसवलं असतं, आणि ही गोष्ट एका बाईच्या श्वासाची होती.

"वासानं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मलाबी येतो," ते म्हणाले. "लोकं न्हाई म्हणतेत. चांगले हायेत लोकं." मग त्यांनी विचारलं, "धूळ न्हाई ना लागली?"

"नाही."

"वारं?"

"वाराही नाही."

"ऐकू आलं मागं?"

"सगळं ऐकू आलं," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला. इतक्या दिवसांत मी त्यांना चष्मा पुसताना पहिल्यांदा बघत होतो. मग त्यांनी किक मारली. मी मागे बसलो. नळेगाव मागे पडलं तरी ते एक शब्द बोलले नाहीत. त्या शांत जागेत बसून मला ती शांतता सोसेना. मी म्हणालो, "सोनकांबळे, बोला की. मघाचं राहिलं तसं. मी ऐकून राहिलोय."

लातूरची पहिली घरं दिसायला लागली, नळापाशी लावून ठेवलेल्या घागरींची रांग दिसली.

"तुम्हाला काय सांगू, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तुम्ही तर इथंच राहता."